पृथ्वी थंड करण्याचा जमाखर्च

वर्षाला सुमारे 225 कोटी डॉलर. विमानांतून वातावरणात उंचावर गंधक सोडून सूर्यप्रकाशाचा छोटासा हिस्सा परतवायचा झाला, तर पहिली पंधरा वर्षे सरासरी एवढा खर्च येईल, असा हिशेब वेक स्मिथ आणि गर्नोट वॅग्नर या अभ्यासकांनी 2018 साली मांडला. त्यासाठी लागणारी विमाने आज कुठेच नाहीत. वीस किलोमीटर उंचीवर जड माल घेऊन जाणारे विमान नव्याने घडवावे लागेल आणि कामाला हात घालण्याआधीचा हा खर्च वेगळा, सुमारे 350 कोटी डॉलर. तरीही हवामान बदलाच्या नुकसानीपुढे ही रक्कम चिल्लर वाटावी अशीच आहे. मोठ्या देशाच्या अर्थसंकल्पात ती सहज मावेल. एखादा अब्जाधीशही ती उचलू शकेल.

जिओइंजिनिअरिंगचा, म्हणजे पृथ्वीच्या हवामानात ठरवून मोठा फेरफार करण्याचा, विषय निघाला की हा किंवा असाच एखादा आकडा पुढे येतो आणि ऐकणारा थबकतो. इतक्या स्वस्तात होणारे काम अजून झाले कसे नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधायला बरेच मागे जावे लागते. हा हिशेब काही पहिल्यांदा मांडला गेलेला नाही. गेली साठ वर्षे तो पुन्हा पुन्हा मांडला जातो आहे आणि बहुतेक वेळा त्यातले तेच रकाने कोरे राहिले आहेत: पाऊस कुणाचा हटेल, निर्णय कोण घेईल, आणि एकदा सुरू केलेले काम किती पिढ्या चालू ठेवावे लागेल. माल आकाशात नेण्याची मजुरी म्हणजे या कामाची किंमत नव्हे, असे माझे ठाम मत आहे. ते का, हे या इतिहासातच दिसते.

जिओइंजिनिअरिंग या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळी कामे येतात. पहिल्यात सूर्यप्रकाश परतवायचा असतो: स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात, सूक्ष्मकण सोडून, समुद्रावरचे ढग अधिक पांढरे करून, किंवा थेट अंतराळात पडदा उभारून. दुसऱ्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड काढून घेऊन जमिनीत, खडकात किंवा समुद्रात कोंडायचा असतो. पहिले काम झटपट परिणाम करणारे आणि स्वस्त, पण ते रोगाच्या मुळाशी जात नाही. दुसरे मुळाशी जाते, पण संथ आणि महाग आहे. दोन्हींचा जमाखर्च एकाच वहीत मांडला की गोंधळ होतो, आणि तसा तो अनेकदा झालाही आहे.

प्रकाश परतवण्याची कल्पना माणसाला ज्वालामुखींनी शिकवली. एप्रिल 1815 मध्ये इंडोनेशियातल्या सुंबावा बेटावरचा तांबोरा फुटला. पुढच्या वर्षी, 1816 मध्ये, युरोपात आणि उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागात उन्हाळा जणू आलाच नाही. न्यू इंग्लंडमध्ये जूनमध्ये बर्फ पडला, पिके बुडाली, धान्याचे भाव कडाडले, युरोपात अन्नासाठी दंगली झाल्या. दक्षिण आशियात मोसमी पावसाचे चक्र बिघडले. या सगळ्यामागे हजारो मैलांवरचा एक डोंगर आहे, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आले नाही. आज त्या वर्षाकडे पाहताना एक गोष्ट मात्र चटकन लक्षात येते. पृथ्वीवर सावली धरल्याचे परिणाम थर्मामीटरपुरते राहत नाहीत, ते शेतात आणि बाजारात उतरतात.

हवामानात जाणूनबुजून हात घालण्याचा आधुनिक इतिहास सुरू होतो तो 1946 मध्ये. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेतले व्हिन्सेंट शेफर यांनी नोव्हेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट ग्रेलॉकजवळ विमानातून ढगात कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) टाकला आणि ढगातून हिमकण खाली येऊ लागले. त्यांचे वरिष्ठ, नोबेल विजेते अर्व्हिंग लँगम्युर, या यशाने भारावून गेले. पुढच्याच वर्षी ‘प्रोजेक्ट सिरस’ या लष्करी पाठबळाच्या प्रकल्पात एका चक्रीवादळावर कोरडा बर्फ फेकण्यात आला. वादळ अमेरिकेच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात चालले होते. बर्फ टाकल्यानंतर ते वळले आणि जॉर्जिया राज्यात सॅव्हानाजवळ किनाऱ्यावर आदळले. ते आधीच वळायला लागले होते, असे नंतरच्या अभ्यासात निष्पन्न झाले. पण तोवर लोक संतापले होते, कोर्टकज्जाची भाषा सुरू झाली होती, आणि वादळांवरचे प्रयोग बरीच वर्षे थंडावले.

मला ही घटना फार महत्त्वाची वाटते. प्रयोगाने वादळ वळवले नव्हते, हे मान्य करू. पण लोकांना ते पटवता आले नाही, कारण वातावरणात ‘आम्ही काही केले नसते तर काय झाले असते’ हे दाखवायला दुसरी पृथ्वी नसते. एकदा का कुणी आकाशाला हात लावला, की त्यानंतरचा प्रत्येक दुष्काळ आणि प्रत्येक पूर त्याच्या नावावर चढणार. तो आरोप खरा असो वा खोटा, त्याची किंमत चुकवावीच लागते.

यानंतरचे पर्व अधिक काळे आहे. 1967 ते 1972 या काळात अमेरिकी हवाई दलाने व्हिएतनाम युद्धात ‘ऑपरेशन पॉपाय’ चालवले. हो ची मिन्ह मार्गावर पावसाळा लांबवून शत्रूची रसद चिखलात रुतवायची, हा त्यामागचा हेतू होता. त्यासाठी 2,600 हून अधिक उड्डाणे झाली. हे सारे गुप्त होते. पत्रकारांनी ते उघड केल्यावर गदारोळ उठला आणि त्यातून 1977 मध्ये पर्यावरणात फेरफार करून त्याचा शस्त्र म्हणून वापर करण्यावर बंदी घालणारा ‘एनमॉड’ करार सह्यांसाठी खुला झाला. 1978 मध्ये तो अमलात आला. त्याची मर्यादा ध्यानात ठेवायला हवी. तो बंदी घालतो ती लष्करी किंवा वैरभावाने केलेल्या वापरावर. भल्या हेतूने कुणी असे काही केले तर त्याविषयी तो मूग गिळून बसतो.

दरम्यान हवेतल्या कार्बनचा प्रश्न राज्यकर्त्यांच्या टेबलावर पोचला होता. नोव्हेंबर 1965 मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या विज्ञान सल्लागार समितीने प्रदूषणावर एक अहवाल दिला. त्यात रॉजर रेव्हेल यांच्या गटाने लिहिलेले कार्बन डायऑक्साइडवरचे परिशिष्ट आहे. दगडी कोळसा आणि तेल जाळल्याने हवेतला हा वायू वाढतो आहे, त्यामुळे हवामान बदलू शकते, हे त्यात स्पष्ट म्हटले होते. मग उपाय काय? समुद्राच्या विस्तीर्ण पृष्ठभागावर तरंगणारे, प्रकाश परतवणारे बारीक कण पसरावेत. पृथ्वीची परावर्तनक्षमता एक टक्क्याने वाढवायला वर्षाला सुमारे 50 कोटी डॉलर लागतील, आणि हवामानाचे महत्त्व पाहता हा खर्च फार नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. इंधन कमी जाळावे, हा पर्याय त्या परिशिष्टात उपायांमध्ये नाही.

म्हणजे हवामान बदलावरच्या सरकारी चर्चेच्या अगदी आरंभी, उत्सर्जन घटवण्याचा शब्दही निघण्याआधी, सूर्यप्रकाश परतवण्याचा हिशेब तयार होता. ‘जिओइंजिनिअरिंगच्या नादात उत्सर्जन कपात बाजूला पडेल’ ही भीती काल्पनिक आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे परिशिष्ट एकदा डोळ्यांखालून घालावे. पुढे 2008 मध्ये अमेरिकेत उत्सर्जनावर मर्यादा आणणाऱ्या विधेयकाला विरोध करताना प्रतिनिधिगृहाचे माजी सभापती न्यूट गिंग्रिच यांनी हाच मुद्दा उघडपणे मांडला: लोकांवर बोजा कशाला, काही अब्ज डॉलरमध्ये जिओइंजिनिअरिंगने काम भागेल.

1970 च्या दशकात सोव्हिएत संघातले हवामानशास्त्रज्ञ मिखाईल बुडिको यांनी स्थितांबरात विमानांनी गंधक सोडण्याची कल्पना मांडली. ज्वालामुखी जे करतो तेच माणसाने मोजून-मापून करायचे. 1977 मध्ये चेझारे मार्केटी यांनी कारखान्यांतला कार्बन डायऑक्साइड पकडून खोल जाणाऱ्या समुद्रप्रवाहात सोडण्याची योजना सुचवली आणि तिच्यासाठी ‘जिओइंजिनिअरिंग’ हा शब्द वापरला. 1992 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालात तर युद्धनौकांच्या तोफांनी धूळ वर उडवण्याच्या खर्चाचाही अंदाज होता. त्याच सुमारास अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी आपल्या गणिती प्रारूपात जिओइंजिनिअरिंगचा खर्च जवळजवळ शून्य धरून पाहिला. खर्च शून्य धरला की फायदा अवाढव्य दिसणारच.

मग निसर्गानेच प्रयोग करून दाखवला. 15 जून 1991 रोजी फिलिपाइन्समधला पिनाटुबो फुटला आणि दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड स्थितांबरात गेला. तिथे त्याचे सल्फ्युरिक आम्लाच्या अतिसूक्ष्म थेंबांत रूपांतर झाले. सुमारे तीन आठवड्यांत त्या कणांचा पट्टा पृथ्वीभोवती फिरून आला, आणि वर्षभरात तो बहुतेक साऱ्या जगावर पसरला. नासातले हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांच्या चमूने 1992 च्या सुरुवातीलाच भाकीत केले होते की जगाचे सरासरी तापमान साधारण अर्ध्या अंशाने उतरेल. तसेच झाले, आणि दोन-तीन वर्षांत कण खाली आल्यावर ते पुन्हा चढले. संगणकी प्रारूपांवर विश्वास बसायला यापेक्षा चांगला पुरावा मिळाला नसता. गंधकाने पृथ्वी थंड होते, हा वाद तिथेच संपला.

पण पिनाटुबोच्या हिशेबाची दुसरी बाजू उघड व्हायला वेळ लागला. ओझोनचा थर त्या काळात आणखी विरळ झाला, हे लगेच दिसले, कारण गंधकाच्या कणांवर ओझोन नष्ट करणाऱ्या क्लोरीनच्या क्रिया वेगाने होतात. पावसाचे मात्र 2007 मध्ये समोर आले. केव्हिन ट्रेनबर्थ आणि ऐगुओ दाई यांनी जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसले की ऑक्टोबर 1991 ते सप्टेंबर 1992 या वर्षात जगभरच्या जमिनीवर पडणारा पाऊस आणि नद्यांतून समुद्रात जाणारे पाणी नोंदवहीतल्या तोवरच्या नीचांकाला गेले होते. यामागचे कारण साधे आहे. कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो ती दिवसा आणि रात्री, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात. सावली मात्र फक्त दिवसाच पडते, आणि ऊन जिथे कडक तिथे तिचा परिणाम जास्त. समुद्राचे पाणी वाफ होऊन वर जाते ते मुख्यतः उन्हाच्या बळावर. त्यामुळे सरासरी तापमान पूर्ववत आणायला पुरेल इतकी सावली धरली, तर पाऊस पूर्वीपेक्षा कमी होतो. तापमान आणि पाऊस ही दोन्ही एकाच खटक्याने जागेवर बसत नाहीत.

समुद्राच्या बाबतीतला इतिहास वेगळ्या वाटेने गेला. अमेरिकी सागरशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांचे म्हणणे असे की दक्षिण महासागरासारख्या ठिकाणी बाकी सगळी पोषकद्रव्ये मुबलक असूनही वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, वाढत नाहीत, कारण तिथे लोह नाही. 1988 मध्ये वुड्स होल इथल्या व्याख्यानात ते म्हणाले होते, मला अर्धे जहाज लोह द्या, मी तुम्हाला हिमयुग देतो. वाक्य जगभर गाजले. 1993 पासून समुद्रात लोह टाकण्याचे डझनभर वैज्ञानिक प्रयोग झाले. प्लवक वाढतात, हे सिद्ध झाले. वाढलेल्या प्लवकांतला कार्बन तळाशी जाऊन शतकानुशतके तिथे राहतो का, हा खरा प्रश्न होता.

2009 मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी मिळून ‘लोहाफेक्स’ हा प्रयोग केला. ‘पोलारस्टर्न’ हे संशोधन जहाज केपटाऊनहून निघाले तेव्हाच पर्यावरण संघटनांनी आवाज उठवला होता. जर्मन सरकारने प्रयोग स्थगित केला, त्रयस्थ तज्ज्ञांकडून तपासणी करवून घेतली आणि मगच परवानगी दिली. दक्षिण अटलांटिकमधल्या एका भोवऱ्यात, सुमारे 300 चौरस किलोमीटर पाण्यात, लोह सोडण्यात आले. प्लवक वाढलेही. पण त्या पाण्यात सिलिका कमी होती, त्यामुळे सिलिकाचे जड कवच असलेले डायटम हे प्लवक वाढले नाहीत. जे वाढले ते मऊ, छोटे प्लवक. ते कोपेपॉड नावाच्या चिमुकल्या प्राण्यांनी फस्त केले, आणि त्या कोपेपॉडांना त्यांच्याहून मोठ्या अँफिपॉडांनी. कार्बन तळाशी गेला तो अगदी थोडा.

याआधी 2004 मध्ये याच महासागरात झालेल्या ‘आयफेक्स’ प्रयोगात डायटम भरपूर होते आणि त्यांचा बराच भाग खोल बुडाला होता. एकच महासागर, एकच लोह, निष्कर्ष उलट. लोहाफेक्सने कार्बन कोंडला नाही म्हणून तो फसला, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. उघडपणे, नियमात राहून, निकाल जाहीर करून केलेला हा प्रयोग होता, आणि त्याने एका गाजलेल्या वाक्यातली हवा काढली. त्याच्या शेजारी 2012 मधली घटना ठेवून पाहा. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हायडा ग्वाय बेटांजवळ, सॅमन मासे वाढावेत आणि कार्बनचे श्रेय (कार्बन क्रेडिट) विकता यावे म्हणून, एका खासगी प्रकल्पाने सुमारे 100 टन लोहसंयुग समुद्रात ओतले. आधी कोणतीही जाहीर तपासणी झाली नाही. जगाला कळले ते काम उरकल्यावर. 2013 मध्ये सागरी प्रदूषणाच्या लंडन करारात अशा कामांवर बंधन घालणारी दुरुस्ती मंजूर झाली, पण पुरेशा देशांनी तिला मान्यता न दिल्याने ती लागू झालेली नाही.

या विषयावर वैज्ञानिकांत एक अलिखित संकोच होता. तो मोडला पॉल क्रुटझन यांनी. ओझोनवरच्या कामासाठी 1995 चे नोबेल मिळालेला हा माणूस. वातावरणात माणसाने केलेल्या ढवळाढवळीचे परिणाम त्यांच्याइतके क्वचितच कुणाला ठाऊक असतील. ऑगस्ट 2006 मध्ये त्यांनी स्थितांबरात गंधक सोडण्याच्या पर्यायाचा गांभीर्याने अभ्यास व्हावा, असा लेख लिहिला. तो छापूच नये, असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे होते. क्रुटझन यांचा युक्तिवाद एका पेचातून निघाला होता. कारखाने आणि वाहनांच्या धुरातले गंधक माणसे मारते, म्हणून ते कमी करायलाच हवे. पण तेच गंधक सूर्यप्रकाश परतवून तापमानवाढ काही अंशी झाकून ठेवते. हवा स्वच्छ केली की झाकण निघते. आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या (आयपीसीसी) ताज्या मूल्यमापनानुसार प्रदूषणाच्या कणांनी झाकलेली ही वाढ साधारण अर्ध्या अंशाच्या आसपास आहे. म्हणजे एका अर्थी आपण जिओइंजिनिअरिंग करतच आहोत, तेही सर्वांत वाईट पद्धतीने, माणसे श्वास घेतात त्या उंचीवर. 2020 मध्ये जहाजांच्या इंधनातले गंधक 3.5 टक्क्यांवरून 0.5 टक्क्यांवर आणले गेले, तेव्हा समुद्रावरच्या ढगांतल्या जहाजांच्या पांढऱ्या रेघा लक्षणीय घटल्या. त्याने तापमान किती वाढले, यावर अजून वाद आहे.

क्रुटझन यांचा खर्चाचा अंदाज वर्षाला 2,500 ते 5,000 कोटी डॉलरचा होता, म्हणजे स्मिथ आणि वॅग्नर यांच्या कितीतरी पट. पण त्यांनी लेखाच्या शेवटी जे लिहिले ते आकड्यांपेक्षा मोलाचे आहे: उत्सर्जन इतके घटावे की हा प्रयोग करण्याची वेळच येऊ नये, हे सर्वांत उत्तम, पण सध्या तरी ती भाबडी आशा दिसते.

जमेच्या बाजूला काय आहे, तेही प्रामाणिकपणे मांडायला हवे. 1998 मध्ये एका परिषदेत अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ लॉवेल वुड यांनी प्रकाश परतवण्याची कल्पना जोरात मांडली, तेव्हा हवामानशास्त्रज्ञ केन कॅल्डेरा यांना ती पटली नाही. ती खोटी पाडण्यासाठी त्यांनी गोविंदसामी बाला यांच्यासह प्रारूप चालवले. कार्बन डायऑक्साइड दुप्पट आणि सूर्यप्रकाश 1.8 टक्के कमी. अपेक्षा होती की ध्रुवांवर आणि विषुववृत्तावर सगळा विस्कोट होईल. 2000 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष उलट निघाला: तापमानवाढ बहुतेक सगळीकडे बरीचशी पुसली गेली. पुढच्या अनेक प्रारूपांनी हे उचलून धरले. 2019 मध्ये पीटर इर्व्हिन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की सगळी वाढ पुसण्याऐवजी निम्मीच पुसली, तर पावसाचे बिघडणेही बरेच कमी होते आणि फार थोडे भूभाग तोट्यात जातात. उष्णतेच्या लाटा, वितळणारे बर्फ, जोर धरणारी चक्रीवादळे यांचा मार ज्यांच्यावर पडतो आहे, त्यांच्यासाठी हा फायदा खरा आहे. तो हसण्यावारी नेणे मला अन्यायाचे वाटते.

आता नावे बाजू. समुद्राचे आम्लीकरण तसेच चालू राहते, कारण हवेतला कार्बन तिथेच असतो. पिकांचे गणित अनपेक्षित निघाले. जोनाथन प्रॉक्टर आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये एल चिचोन आणि पिनाटुबो या उद्रेकांनंतरचे पीक-उत्पादन तपासले. गारव्याने पिकांना जो लाभ व्हावा, तो प्रकाश घटल्याने होणाऱ्या नुकसानीत जवळजवळ पूर्ण विरला. गंधक एकाच गोलार्धात सोडले तर पावसाचा पट्टाच सरकतो. जिम हेवुड यांच्या चमूने 2013 मध्ये दाखवले की उत्तर गोलार्धातल्या मोठ्या उद्रेकांपाठोपाठ आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात कोरडे उन्हाळे आले होते. उत्तरेतल्या एखाद्या श्रीमंत देशाने आपल्या डोक्यावर सावली धरली आणि साहेलमधल्या मेंढपाळाचे कुरण वाळले, तर भरपाई कोण देणार? कुरण त्या सावलीनेच वाळले हे सिद्ध कसे करणार? सॅव्हानाच्या वादळाचा पेच इथे खंडभर मोठा होऊन उभा राहतो.

सर्वांत मोठी रक्कम मात्र वेळेच्या रकान्यात आहे. स्थितांबरातले कण वर्ष-दोन वर्षांत खाली येतात. कार्बन डायऑक्साइडचा बराच वाटा शतके राहतो, काही भाग हजारो वर्षे. उत्सर्जन चालूच ठेवून सावली धरली, तर सावली दरवर्षी दाट करावी लागेल. मग युद्ध, आर्थिक मंदी, राजकीय भांडण, कशानेही ती एकदम काढली गेली, तर दशकानुदशके झाकून ठेवलेली वाढ एक-दोन दशकांत उसळून वर येईल. त्या वेगाशी जुळवून घेणे जंगलांना जमणार नाही, पिकांनाही नाही. मार्लोस गोएस, नॅन्सी टुआना आणि क्लाउस केलर यांनी 2011 मध्ये ही खंड पडण्याची शक्यता हिशेबात धरली, तेव्हा उत्सर्जन कपातीऐवजी गंधक, हा सौदा तोट्यात जाऊ शकतो असे दिसले. स्वस्त वाटणारी गोष्ट एका गृहीतकाने महाग झाली. आणि ते गृहीतक काही अवास्तव नाही. शंभर वर्षे अखंड टिकलेली जागतिक व्यवस्था शोधायला गेले तर हाताला फारसे काही लागत नाही.

स्वस्ताईचा आणखी एक परिणाम अर्थतज्ज्ञ मार्टिन वाइट्झमन यांनी दाखवला. उत्सर्जन कपातीत प्रत्येक देश दुसऱ्याने खर्च करावा म्हणून थांबतो, आयत्या पिठावर रेघोट्या ओढू पाहतो. जिओइंजिनिअरिंगमध्ये उलटे होते. ज्याला सर्वांत जास्त गारवा हवा आहे तो एकटाच पुढे होऊन साऱ्या जगाचे तापमान ठरवू शकतो, कारण त्याला तो खर्च परवडतो. अडचण कुणी काम न करण्याची नसून, एखाद्याने परस्पर करून टाकण्याची आहे. म्हणून 225 कोटींचा आकडा मला दिलासा देत नाही. तो जितका लहान, तितके दार जास्त जणांसाठी उघडे.

कार्बन काढून घेण्याच्या कामात ही भीती नाही. तिथला अडथळा आकारमानाचा आहे. आइसलँडमध्ये 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘ओर्का’ संयंत्राची क्षमता वर्षाला 4,000 टन. जग वर्षाला सुमारे 3,700 कोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडते, म्हणजे ओर्काचे वर्षभराचे काम जगाच्या साडेतीन सेकंदांच्या उत्सर्जनाइतके. आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या 2018 च्या अहवालात तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याच्या वाटांमध्ये या शतकात 10,000 कोटी ते एक लाख कोटी टन वायू हवेतून काढणे गृहीत होते, आणि काही वाटांत ऊर्जापिकांसाठी (इंधनासाठी घेतलेल्या पिकांसाठी) 60 लाख चौरस किलोमीटरपर्यंत जादा जमीन. ती जमीन कुणाची, हा प्रश्न तिथेही सुटलेला नाही. तरीही पैसा घालायचाच असेल तर मी तो इथे घालीन. इथे काम थांबले तर निदान काल काढलेला कार्बन परत उसळून येत नाही.

क्रुटझन यांच्या लेखानंतर प्रयोगशाळेबाहेर पडण्याचे प्रयत्न झाले आणि बहुतेक अडले. ब्रिटनचा ‘स्पाइस’ प्रकल्प फुग्याला नळी बांधून एक किलोमीटर उंचीवर फक्त पाणी फवारणार होता. 2012 मध्ये तो रद्द झाला. हार्वर्डच्या ‘स्कोपेक्स’ची 2021 मधली पहिली चाचणी स्वीडनमधल्या किरुना इथून व्हायची होती. त्या उड्डाणात एकही कण सोडला जाणार नव्हता, केवळ उपकरणे तपासायची होती. पण आपल्या भूमीवर हे करताना आपल्याला कुणी विचारलेच नाही, असे तिथल्या सामी या मूलनिवासी लोकांच्या परिषदेने कळवले. चाचणी थांबली आणि मार्च 2024 मध्ये प्रकल्पच गुंडाळला गेला. कॅलिफोर्नियातल्या अलामेडा शहरात 2024 मध्ये एका जुन्या विमानवाहू जहाजावरून खाऱ्या पाण्याचे तुषार सोडण्याचा, ढग पांढरे करण्याच्या तंत्राचा प्रयोग नगर परिषदेने बंद पाडला. तिलाही आधी नीट कळवलेले नव्हते. सामींचा आक्षेप मला रास्त वाटतो, पण त्यातून एक विचित्र परिस्थिती निर्माण झाली आहे. परवानगी मागणारे, निकाल जाहीर करणारे अडतात. न विचारणारे पुढे जातात. ‘मेक सनसेट्स’ या छोट्या अमेरिकी कंपनीने 2022 मध्ये मेक्सिकोत गंधक भरलेले फुगे सोडले, ते आधी कुणालाही न सांगता. जानेवारी 2023 मध्ये मेक्सिकोने अशा प्रयोगांवर बंदी घालण्याचे जाहीर केले. 2025 मध्ये ब्रिटनच्या ‘एरिया’ या सरकारी संस्थेने नियमांच्या चौकटीतल्या संशोधनासाठी सुमारे 5 कोटी 70 लाख पौंड दिले. त्याच वर्षी ‘स्टारडस्ट’ या खासगी कंपनीने स्वतःचे कण विकसित करण्यासाठी सहा कोटी डॉलर उभे केले.

आंतरराष्ट्रीय पातळीवर हालचाल आहे, पकड नाही. 2010 मध्ये नागोया इथे जैवविविधता करारातल्या देशांनी, पुरेसा वैज्ञानिक आधार मिळेपर्यंत जैवविविधतेवर परिणाम करणारे जिओइंजिनिअरिंग करू नये, असा निर्णय घेतला. छोट्या संशोधनाला त्यातून सूट आहे. तो बंधनकारक नाही आणि अमेरिका त्या कराराची सदस्यच नाही. 2019 मध्ये नैरोबीतल्या संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत स्वित्झर्लंडने केवळ एवढेच सुचवले होते की या तंत्रांचा आढावा घ्यावा. अमेरिका आणि सौदी अरेबियाच्या विरोधामुळे तेही झाले नाही. 2024 मध्ये तोच विषय पुन्हा आला. आफ्रिकी देशांना वापर नकोच असे स्पष्ट लिहिलेले हवे होते, इतर काहींना संशोधनाचे दार उघडे हवे होते. मेळ बसला नाही आणि ठराव मागे घेण्यात आला. स्थितांबरात कण सोडण्याची परवानगी कुणी द्यायची, नुकसान कुणी मोजायचे आणि सुरू केलेले काम कुणी, कधी व किती हळू थांबवायचे, हे ठरवणारा खास असा एकही बंधनकारक करार आजमितीला नाही.